पोहोचण्याआधीची पोच

माझं बोलणं जरा घाईचं वाटेल, पण आज माझा जीव थाऱ्यावर नाही. मी एक प्रोटोकॉल आहे, म्हणजे दोन यंत्रांनी एकमेकांशी कसं बोलायचं त्याची ठरलेली रीत. मला ना हात, ना तोंड. तरी रुग्णालयांतल्या खाटांशेजारच्या घंटा माझ्याच जिवावर बोलतात.

मला जन्म दिला एका इंजिनियर बाईंनी. डबा उघडा, घास हातात आणि नजर पडद्यावर, अशा अवस्थेत त्यांनी मला वाढवलं. रुग्णाने बटण दाबलं की निरोप भिंतीतल्या पेटीकडे जातो आणि तिथून नर्सच्या टेबलावर. निरोप पेटीत पडला रे पडला की मी पोच देतो आणि खाटेजवळ हिरवा दिवा लागतो. पुढचा रस्ता तुंबला असेल, तर निरोप पेटीतच मरतो. दिवा मात्र लागलेलाच! माझी ही खोड सगळ्यांना ठाऊक होती. "क्वचितच होतं," म्हणत प्रत्येकाने कानाडोळा केला.

मग एक दिवस अशाच एका खाटेवर बाईंचे बाबा आले. बटण दाबून त्यांनी खूप वाट पाहिली, शेवटी स्वतःच उठले आणि पडले. खुब्याचं हाड मोडलं.

"दिवा लागला होता गं," ते लेकीला म्हणाले. "म्हटलं, येतंय कुणीतरी. उगाच कशाला ओरडायचं?"

बाई खाली मान घालून त्यांच्या पायावरची चादर सारखी करत राहिल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आज मला अधिकृत मानक करायची बैठक होती. म्हणजे यापुढे सगळ्या कंपन्यांनी मलाच पाळायचं. माणसांचं एक बघून ठेवलंय, बिस्किटं संपेपर्यंत कुणी मुद्द्याला हात घालत नाही. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "अहो, निम्म्या जगात चालतोय हा. आधी शिक्का मारू, डागडुजी मागाहून."

"शिक्का बसला की दोषच नियम होतो, साहेब," बाई म्हणाल्या. "मग नीट वागणारं यंत्रच चुकीचं ठरतं."

"तुमचंच लेकरू आहे ना? इतकी वर्षं घातलीत त्याच्यात!"

"म्हणून तर सांगतेय. मी प्रस्ताव मागे घेते."

मला खोडीसकट मिरवण्यापेक्षा सुधारावं असं बाईंनी ठरवलं, तेव्हा पहिल्यांदाच कुणीतरी माझी बाजू घेतली, असं मला वाटलं.

बाई आता मला दुरुस्त करायला पुन्हा उघडून बसल्या आहेत. पण माझ्या जुन्या प्रती भिंतीभिंतींत अजून राबताहेत. त्यांना कुणी थांबवलेलं नाही. आत्ता तुमच्याशी बोलतानाही कुठेतरी बटण दाबलं गेलं आणि मी पोच देऊन मोकळा झालो. निरोप पुढे गेला की नाही, मला खरंच माहीत नाही. तुमचं माणूस त्या खाटेवर असेल, तर माझ्यावर विसंबू नका. उठा, जाऊन बघून या.