वेळ अमावस्येची सही

"कुणाला खरं वाटायचं न्हाई, पन हितं पाणी येणार ह्ये मला मे महिन्यातच कळलं होतं," असं म्हणत गुरुसिद्धप्पांनी काठावर घोंगडी अंथरली आणि मांडी घातली. बसताना सदऱ्याचा उजवा खिसा जड होऊन खाली लोंबला. त्यांनी तो घाईनं मांडीवर ओढून घेतला.

समोर उजनीचं पाणी पसरलं होतं. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर पुण्याच्या बिल्डरनं जिथं प्लॉट दाखवले होते, तिथं आता खुणेच्या खांबांची नुसती डोकी दिसत होती. 'लेक व्ह्यू'चा फलकही बुडाला होता. त्यावरच्या श्रीशैलअण्णांच्या हसऱ्या फोटोचं कपाळ तेवढं वर होतं आणि त्यावर एक बगळा निवांत उभा होता.

खरे श्रीशैलअण्णा काठावर बसले होते. येत्या निवडणुकीत झेडपीचे उमेदवार. ते आणि गुरुसिद्धप्पा मिळून इथं सुट्टीतल्या बंगल्यांची वसाहत उभी करणार होते. आपल्या वाट्यासाठी गुरुसिद्धप्पा वळसंगचं शेत विकायला निघाले होते. उन्हाळ्यातच सह्या व्हायच्या, पण त्यांच्या बायकोनं, मल्लव्वानं, अट घातली होती. ज्या जमिनीपायी घरचं शेत जाणार, तिला आधी मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला, शेतपूजेच्या दिवशी, आंबील पाजायची, शेताला फिरतात तशी तिच्याभोवती फेरी मारायची. मग सही.

आज सगळे आंबिलीचं मडकं आणि शेंगा-पालेभाज्यांच्या भज्जीचं पातेलं घेऊन गाडीतून उतरले, तर फेरी मारायला जमीनच नव्हती.

थंडी असून श्रीशैलअण्णांनी कपाळावरचा घाम पुसला.

"वाचलो, काका. माझा फोटो बघून निम्म्या तालुक्यानं प्लॉट घेतले असते. मग त्यांनी मला हितंच बुडवलं असतं."

"म्हणून तर!" गुरुसिद्धप्पा सरसावून बसले. "मेमध्ये हितं डबक्यात पाय बुडवला, तर मासा बोलला. 'गुरुसिद्धप्पा,' म्हणाला, 'माझ्या अंगणात बंगला बांधू नको.' कन्नडमधी बोलला बरं का."

"अज्जा, उजनीतला मासा कन्नड बोलतो?" नात काव्यानं विचारलं.

"ही भीमा फुडं कुटं जाती? कर्नाटकातच की! येणंजाणं असतंय त्यांचं."

श्रीशैलअण्णा बऱ्याच दिवसांनी मोकळं हसले.

"मग तवाच सांगायचं की, काका."

"तुमच्यासारख्या मोठ्या माणसाचा हिरमोड कसा करायचा? म्हणून मीच हिला शिकवलं. म्हटलं, आंबिलीची अट घाल."

मल्लव्वाचा डाव मडक्यातच थांबला. तिनं एकदा नवऱ्याकडं पाहिलं, मग पाण्याकडं. त्याच अटीपायी उन्हाळाभर त्यांनी तिच्याशी अबोला धरला होता. तिनं त्यांची वाटी काठोकाठ भरली आणि भज्जीचा मोठा गोळा त्यांच्याच ताटात टाकला.

"लई उपकार झाले, काका," म्हणत श्रीशैलअण्णा पाया पडायला वाकले. आशीर्वाद द्यायला गुरुसिद्धप्पांनी हात उचलला, तसा खिसा मांडीवरून घसरला आणि दगडावर खणकन आपटला.

काव्यानं हात घालून आतली वस्तू बाहेर काढली. कोरं करकरीत पितळी कुलूप, किल्ल्या अजून दोऱ्यात बांधलेल्या. गुरुसिद्धप्पा बगळ्याकडं बघू लागले.

मल्लव्वानं कुलूप हातात घेतलं, किल्ली फिरवून पाहिली, पदरानं पुसलं आणि रिकाम्या पिशवीत नीट ठेवलं.

"दणकट हाय. वळसंगच्या शेतात पाण्याच्या मोटारीच्या खोलीला हुईल," ती म्हणाली. "पन अहो, मासा एवढा सांगून गेला होता, तर बंगल्याला कुलूप कशाला घेतलंत?"