माझ्या नावाचा लाल रंग

माझा थोरला पेईलिन नव्या धर्तीच्या स्मशानांचे आराखडे करतो, अख्ख्या शांघायला अक्कल शिकवतो, पण घरच्या दगडाला हात लावताना आईला विचारावं हे काही त्याला सुचत नाही.

नवरा गेला तेव्हा त्याच्या थडग्यावर त्याच्याशेजारी माझंही नाव कोरून घेतलं होतं. त्याचं सोनेरी, माझं लाल. जिवंत माणसाचं नाव लालच ठेवतात. जीव गेला की मुलं रंग बदलतात.

यंदा चिंगमिंगला, पितरांच्या सणाला, थडगं झाडायला डोंगर चढून गेले, तर दोन्ही नावं एकसारखी करडी.

"मीच करून घेतलं, आई," पेईलिन म्हणाला. "लाल फार भडक दिसायचं. आता कसं शांत वाटतं."

शेजारच्या थडग्यापाशी मेलेल्यांसाठी खोट्या कागदी नोटा जाळत बसलेली माझी धाकटी जाऊ वाकून बघत म्हणाली, "जाऊबाई, कधी गेलात? कळवलंसुद्धा नाहीत."

कुणी हसलं नाही. तेव्हा कुठे पेईलिनचा चेहरा उतरला. "अगं, मी नुसता रंगाचा विचार केला. उद्याच माणूस पाठवून लाल करून घेतो."

मी नवऱ्यापुढे मद्याचा पेला ठेवला आणि गुडघ्यावर हात टेकून उठले.

"राहू दे. तो रंग एकदाच बदलतात, तो तू बदललास. आता मला फोन करू नकोस, नव्या वर्षाला माझं ताट मांडू नकोस. मेलेल्या आईला वर्षातून एकदा भेटायचं असतं, पेईलिन, तेही इथं येऊन."