गाडीतला 'ह्यांचा' वास

मी एक जुनी मोटारगाडी आहे, मित्रांनो, आणि भंगारात जायची माझी मुळीच तयारी नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचे ऐकताना तुम्ही उगीच हळहळणार नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे मला पत्रा, काचा, चाके मिळाली आणि पोटात काळ्याभोर रबरी नळ्या बसवल्या गेल्या. टाकीतले पेट्रोल त्या नळ्यांतून इंजिनापर्यंत पोहोचते. माझ्या रंगाचे आणि दिव्यांचे सगळ्यांनी कौतुक केले. नळ्यांकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. घरी पाहुणे आले की तुमच्याही नाकाडोळ्यांचेच कौतुक होते, आतड्यांना कोणी विचारत नाही. तसेच ते.

पहिल्या मालकाला माझा कंटाळा आला, तेव्हा पेट्रोल पंपावर काम करणाऱ्या एका गृहस्थाने मला हौसेने घेतले. दिवसभर इतरांच्या गाड्यांत पेट्रोल भरून संध्याकाळी ते मला घेऊन घरी येत. फाटकाशी आले की दोनदा हॉर्न वाजवीत. आतून मालकीणबाई "आले हो" म्हणत आणि चहाचे आधण ठेवीत. मग दारातच टोकत, "आधी तो शर्ट काढा. पंप घरात आणू नका." टोकता टोकता हसत.

मालक आजारपणात गेले आणि मी शेडमध्ये उभी राहिले. जावई अधूनमधून येऊन मला सुरू करीत. कधी मी सुरू होई, कधी नुसतीच खोकत असे. माझ्या नळ्या वाळून कडक झाल्या. एकीला भेग पडली आणि तिच्यातून पेट्रोल झिरपू लागले. वायरींच्या जोडांवर हिरवट गंज चढला, तसे दिवे मिचमिचू लागले. हॉर्नचा जोड तर पुरता गेला. मला काय होतेय ते ओरडून सांगायचीही सोय उरली नाही.

मालकीणबाई मात्र रोज दुपारी माझ्यात येऊन बसू लागल्या. काचा वर करून, डोळे मिटून. मुलगी माहेरी आली तेव्हा त्यांनी तिला हळूच सांगितले, "ह्यांचा वास येतो गं अजून. काचा उघडू नकोस, उडून जाईल."

एका शुक्रवारी जावई म्हणाले, "सासूबाई, रविवारी भंगारवाल्याला बोलावलंय. ही आता धड सुरूही होत नाही." त्या दिवशी मालकीणबाई जेवल्या नाहीत.

शनिवारी सकाळी मुलगी आली. ती शिवणकाम करते. लहानपणी वडिलांच्या हाताखाली तिने माझी पुष्कळ कामे केली होती. तिने माझे बॉनेट उघडले, वासाचा माग काढत एका नळीशी थांबली आणि नळी जरा वाकवली. भेगेने तोंड उघडले. ती खिडकीशी आली.

"आई, बाहेर ये."

"बसू दे गं घटकाभर. उद्या नेणारच आहेत."

"आई, हे 'हे' नाहीत. ही फुटकी नळी आहे. एखादी ठिणगी पडली असती, तर तूच बाबांकडे गेली असतीस."

मालकीणबाईंनी डोळे उघडले. मग म्हणाल्या, "नळी बदलली की वास जाईल?"

"जाईल."

"आणि नाही बदलली तर?"

"गाडी जाईल."

त्या उतरल्या. पदर सारखा करत म्हणाल्या, "मग बदल. पण नीट बदल. ह्यांना अर्धवट काम चालायचं नाही."

मला ढकलत उघड्यावर आणले गेले. मुलीने सगळ्यात आधी बॅटरीची वायर सोडवली, म्हणजे ठिणगीला वाव नको. मालकीणबाईंनी गॅस बंद केला आणि चहा मागणाऱ्या जावयांना पाणी दिले.

जावई म्हणाले, "अगं, घट्ट पट्टी गुंडाळली तर नाही का भागणार?"

"ठिगळ परकराला लावतात. पेट्रोलच्या नळीला नाही."

तिने जुनी नळी अलगद कापून सोडवली आणि उरलेले पेट्रोल डब्यात धरले. खास पेट्रोलसाठीची, तेवढ्याच जाडीची नवी नळी जुनीवर धरून कापड बेतावे तशी बेतली आणि नव्या क्लिपांनी आवळली. दुसऱ्या नळ्याही तिने सोडल्या नाहीत. मग एकेक जोड वायरीला हिसका न देता सुटा केला, बारीक ब्रशने गंज काढला, सफाईचा स्प्रे मारून पुसला, वाळू दिला. कंबर धरली तेव्हा ती उभी राहिली, कंबरेला दोन शब्द सुनावले आणि पुन्हा वाकली.

संध्याकाळी बॅटरी जोडली. मी पहिल्या हाकेला सुरू झाले. नळ्यांवरून तिने बोट फिरवले, ते कोरडेच राहिले. मग तिने हॉर्न दाबून पाहिला. दोनदा.

"आले हो," आतून आवाज आला.

मालकीणबाई ओल्या हातांनी दारात आल्या. माझ्यात येऊन बसल्या, खोल श्वास घेतला. वास नव्हता. मग त्यांनी स्वतःच्या हाताने काच खाली केली.

"उद्या सकाळी पंपावर जाऊन येऊ," त्या म्हणाल्या. "तिथे असेल वास."

रविवारी भंगारवाला आला तेव्हा शेड रिकामी होती. जावयांनी त्याच्या हातात जुन्या नळ्या ठेवल्या.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणाची तरी एखादी जुनी वस्तू असेल. तिच्यावर माया करा, पण कधीतरी तिचे झाकण उघडून आत काय झिजले आहे तेही बघा. आणि बसायला याल, तेव्हा काचा उघड्या ठेवा.