मगरीची मांडणी

धाकटीने फळीवर गुडघा रोवला आणि करवत ओढली. शेजारी, व्हरांड्याची अर्धी वाट अडवून, तिची हिरवी कयाक पालथी पडली होती. एकट्याने वल्हवायची लांबुळकी होडी; दादा तिला मगर म्हणायचा. आज सकाळी त्या मगरीला अडखळून त्याने अंगठा सोलून घेतला आणि चक्क काही बोलला नाही. ओरडला असता तर धाकटीला बरं वाटलं असतं. माणूस आपल्या माणसावर ओरडतो. पाहुण्यापुढे गप्प बसतो.

नवऱ्याचं घर सोडून ती भावाकडे आली होती ती चार दिवसांसाठी. त्या चार दिवसांना आता वर्ष होत आलं होतं. अजूनही ती दार हळू लावायची, कप लगेच विसळायची, कपडे बॅगेतच ठेवायची.

वहिनी बाहेर आली आणि न विचारता फळीच्या दुसऱ्या टोकावर बसली.

"माझं वजन एकदाचं कुणाच्या कामी आलं. काय चाललंय?"

"मगरीला मांडणी. दोन खांब, त्यांना आडवे हात, हातांवर जुनी सतरंजी गुंडाळायची. खाली पाय दिले की आपली आपण उभी राहील."

"आणि हे एवढे नटबोल्ट?"

"खोलायला सोपं. उद्या मला जागा मिळाली की सुटी करून न्यायची. तुमच्याकडे मागे काही राहायला नको."

वहिनी एकदम उठली, फळी कलंडली, आणि ती आत निघून गेली. धाकटीच्या हातात करवत तशीच राहिली. आपण काय जास्त बोललो, हे ती मनात चाचपत होती.

वहिनी परतली ती ड्रिल घेऊन.

"पेन्सिल घे. भिंतीवर खुणा कर."

"भिंतीवर?"

या घरात भिंतीला खिळा मारायची कुणाची छाती नव्हती. घड्याळ फ्रिजवर बसलेलं, कॅलेंडर दाराच्या कडीला, दादा-वहिनीच्या लग्नाचा फोटो कपाटाला टेकून उभा. भिंती वहिनीच्या, आणि वहिनीचा शब्द अखेरचा.

"कर म्हणते ना. पायावर उभी केलीस तर पुन्हा वाटेतच. आणि भिंतीतले बोल्ट लांब घे. हलता कामा नये."

धाकटीने खुणा केल्या. ड्रिलच्या आवाजाने दादा लंगडत धावत आला.

"अगं, माझ्या लग्नाच्या फोटोला आजवर एक खिळा मिळाला नाही!"

"फोटो पडला तर काच फुटेल. मगर पडली तर तुमचा दुसरा अंगठा जाईल."

"वा! आणि ही बया दात काढतेय बघा," तो धाकटीवर ओरडला. "खांब सरळ धर आधी! डोळे आहेत की बटणं?"

धाकटीने खांब सरळ धरला. हसू मात्र आवरेना.

तिघांनी मिळून कयाक उचलून खांबांच्या हातांवर ठेवली. लाकूड जरा कुरकुरलं आणि गप्प झालं. खाली कापून ठेवलेले पाय तेवढे उरले.

"हे टाकून देते," धाकटी म्हणाली.

"टाकतेस कशाला? तुझ्या खोलीत खिडकीशेजारी फळी ठोक. कपडे किती दिवस बॅगेत कोंबणार?" वहिनी केसांतली धूळ झटकत म्हणाली.

धाकटीने टेप उचलली आणि माप घ्यायला आत गेली.