चटणीचे हँडबिल

समोरच्या दुकानदाराने अजून तोंडही नीट उघडले नव्हते आणि भीमाशंकरचे अर्धे हँडबिल लिहून झाले होते. वर सणाच्या शुभेच्छा, मग ‘सोलापूरकरांना सुवर्णसंधी’, मग मालाची चार ओळींत तारीफ, खाली पत्ता. चाटी गल्लीतल्या त्या कापडवाल्याचा चहा निवायच्या आत मजकूर छापखान्यात शिशाचे खिळे जुळवायला गेला.

“अण्णा, त्या भांडीवाल्याचं बी परवा असंच हुतं की,” दुकानदार म्हणाला.

“ताणा तोच असतो शेठ. बाणा बदलला की लुगडं निराळं.”

भीमाशंकर विणकराचा मुलगा. छापखान्यात लागला तेव्हा प्रत्येक जाहिरात नव्याने लिहायचा, अर्धा अर्धा दिवस टाक चावत बसायचा आणि मालकाच्या शिव्या खायचा. मग त्याने साचे बसवले. दुकानाचा एक, सिनेमाचा एक, औषधाचा एक. तेव्हापासून गिऱ्हाईक खूश, मालक खूश. गावातली निम्मी हँडबिले सख्ख्या भावंडांसारखी दिसत, पण त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

घरी तो आणि रत्नम्मा, दोघेच. मूल झाले नाही. दवाखाने झाले, नवस झाले, मग दोघांनी त्यावर बोलणे सोडून दिले. लोकांनी मात्र सोडले नाही. गल्लीतल्या बारशांना रत्नम्माला बोलावणे येत नसे. तिची शेंगा चटणी मात्र सगळ्यांना हवी असे. बाहत्तरचा दुष्काळ सरून शेंगा पुन्हा बऱ्या मिळू लागल्या, तसे तिने ठरवले की यंदा गड्ड्याच्या जत्रेत चटणी विकायची. हँडबिल माझ्या नावाने काढा, म्हणाली. कितीतरी वर्षांत तिने नवऱ्याकडे काही मागितले नव्हते. त्याने कापडवाल्याच्या आणि साबणवाल्याच्या मधल्या वेळात तेही काम उरकून टाकले.

रविवारी दुपारी त्याने गठ्ठा तिच्यापुढे ठेवला. रत्नम्मा अक्कलकोटकडची, कानडी शाळेत शिकलेली. मराठी ती बोटाने एकेक अक्षर धरून वाची. वर ठळक टायपात ‘रत्नम्मा यांची शेंगा चटणी’ होते. ते तिने दोनदा वाचले आणि चक्क लाजली. मग बोट हळूहळू खाली उतरत गेले आणि शेवटच्या ओळीवर थांबले.

“आमची कोठेही शाखा नाही,” तिने वाचले.

भीमाशंकरला आधी काही उमगलेच नाही. ही ओळ दुकानांच्या प्रत्येक हँडबिलावर असायची आणि तिच्यावरून सगळ्यांची नजर घसरून जायची, त्याचीसुद्धा. रत्नम्माचे बोट तिथून हलेना, तेव्हा त्याने ती पहिल्यांदा वाचली.

“हे बी गावाला सांगायचं हुतं व्हय?”

ती रीतच असते, लोकांनी नकली माल घेऊ नये म्हणून टाकतात, असे तो कसेबसे सांगू लागला.

“कळतंय मला. दुकानाचं हाय ते,” ती म्हणाली. “पर वर नाव माझं हाय की.”

उद्या दुसरे छापून आणतो, असे तो म्हणाला. तिने नकाराची मान हलवली. जत्रा तोंडावर आली होती. ती उठली आणि त्याची लाकडी फूटपट्टी घेऊन आली. त्या ओळीच्या वर पट्टी दाबून त्याने कागद फाडला. मग दुसरा. ती एकेक हँडबिल पुढे सरकवत राहिली, तो फाडत राहिला.

फाडता फाडता तो म्हणाला, “माझं ध्यान न्हवतं गं.”

“ठावं हाय,” रत्नम्मा म्हणाली. “ध्यान न्हवतं, म्हणून तर लागलं.”

त्याने पट्टी पुढच्या कागदावर ठेवली. उन्हे उतरली तेव्हा गठ्ठा संपला. सगळी हँडबिले खालून दातेरी कडेची आणि बोटभर तोकडी झाली होती. रत्नम्माने जमिनीवरच्या पट्ट्या एकेक वेचून ओटीत घेतल्या आणि चुलीपाशी जाऊन आत घातल्या. तवा तापायच्या आत त्या जळून गेल्या. मग ती भाकरीचे पीठ मळायला बसली.