दार लाव गं, चिंगे

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. नाक मुरडू नका, मित्रांनो. दोन रिळं, पाच बटणं आणि एक जाड काळी वायर, एवढाच माझा संसार. पण एका मोठ्या लेखकाचा आवाज माझ्यापाशी होता.

त्यांनी एकच कादंबरी लिहिली आणि लोकांनी ती डोक्यावर घेतली. ते थकले, तेव्हा माझ्यासमोर बसून त्यांनी तिचं शेवटचं प्रकरण वाचलं. सुरुवात करण्याआधी ते दोनदा खोकले आणि म्हणाले, "दार लाव गं, चिंगे. वारा येतोय." चिंगी म्हणजे त्यांची सात वर्षांची मुलगी. "लावते, बाबा," ती म्हणाली. तेही टेपवर उतरलं.

लेखक गेले. मग दरवर्षी त्यांच्या जन्मदिवशी वाचनालयात कादंबरीचा दिवस साजरा होऊ लागला. भर दुपारी पडदे ओढायचे, मला टेबलावर ठेवायचं आणि सगळ्यांनी ते प्रकरण ऐकायचं. उरलेलं वर्ष मी कपाटात. कामापुरता मामा, दुसरं काय!

चिंगी पहिल्या रांगेत बसायची. ती यायची फक्त त्या एका वाक्यासाठी. बाबांनी तिला मारलेली हाक दुसरीकडे कुठे उरलीच नव्हती.

पण टेप झिजते. दर खेपेला त्या आवाजाची थोडी तांबूस भुकटी माझ्या आत सांडायची. "मला एक नक्कल करून द्या हो," चिंगीने कार्यवाहांना कितीदा विनवलं. "करू की ताई, पुढच्या वर्षी नक्की." नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे.

मग एक विचित्र गोष्ट माझ्या लक्षात आली. आवाज जिथे पुसट होई, तिथे लोक ओठांतल्या ओठांत शब्द भरत. सगळ्यांना पाठच झालं होतं ते. हळूहळू ते श्वासही लेखकांच्याच जागी घेऊ लागले. ज्यांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, तेसुद्धा. मला भीती वाटू लागली.

यंदा बटण दाबलं, रिळं फिरली आणि माझ्यातून काहीच आलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता कुणीतरी उठेल, मला बंद करेल, असं वाटलं. कुणी उठलं नाही. अंधारात तीनशे माणसं एकदम खोकली, दोनदा. आणि एका आवाजात म्हणाली, "दार लाव गं, चिंगे. वारा येतोय."

मग सगळे थांबले. मुलीच्या उत्तराची जागा कुणीच भरली नाही.

चिंगी आता सत्तरीची आहे. ती माझ्याकडे बघत होती. मी गप्प आहे, हे त्या सभागृहात तिला एकटीलाच कळलं होतं. गुडघ्यांवर हात टेकून ती उठली. "लावते, बाबा," म्हणाली, बाहेर गेली आणि तिने दार लावून घेतलं.

आत त्याच एका आवाजात प्रकरण शेवटच्या ओळीपर्यंत म्हटलं गेलं. टाळ्या झाल्या. कार्यवाहांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "अजून आवाज कसा खणखणीत आहे बघा याचा!"

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाचा आवाज जपलेला असेल, तर त्याची नक्कल आजच करा. पुढच्या वर्षी म्हणू नका. आणि ऐकता ऐकता कधीतरी यंत्राजवळ कान नेऊन विचारा, बाबा रे, हे तूच बोलतोयस ना?