डावीकडचे केस

बेटावरच्या संशोधन केंद्रात वर्षातून एकदाच बोट जाते. त्यामुळे तिथे राहायला जाणाऱ्या प्रत्येकाला आपल्या कामाखेरीज आणखी एक काम शिकून जावं लागतं. डॉक्टर पाव भाजायला शिकत होते, वायरलेसवाला नळ दुरुस्त करायला. मी शेवाळाची अभ्यासक. कामं वाटायच्या बैठकीला मी उशिरा पोचले, आणि उरलेलं काम माझ्या गळ्यात पडलं. सगळ्यांचे केस कापायचं.

"तुमच्या वडिलांचं सलूनच आहे ना," डॉक्टर म्हणाले. "मग काय, घरचंच काम."

घरचं होतं खरं, पण त्या घरातली कात्री मला कधी हातात मिळाली नव्हती. लहानपणी शाळा सुटली की मी सलूनमध्ये जाऊन बसायची. खाली पडलेले केस झाडायची मुभा होती. कात्रीला हात लावला की बाबा डोळे वटारायचे. "तू पुस्तक घे हातात. हे दादा बघेल." दादाला यात काडीचा रस नव्हता. बिचाऱ्याला कान धरून खुर्चीमागे उभं केलं होतं. आजही तो गल्लीतल्या सगळ्या डोक्यांना एकच कट मारतो, आणि गिऱ्हाइकं त्याच्या गप्पांसाठी येतात असं माझं स्पष्ट मत आहे.

मी शिकले, बाबांच्या मनासारखी. त्याबद्दल त्यांचे उपकार आहेत, आणि त्यांच्यावर रागही आहे. दोन्ही एकाच वेळी असू शकतं, कोणाला पटो वा न पटो.

सुट्टीच्या दिवशी सलूनचं शटर अर्धं ओढून मी बाबांना म्हटलं, "आता तरी शिकवा." त्यांचा हात गेल्या वर्षापासून थरथरत होता. चहाचा कपसुद्धा दोन्ही हातांनी धरावा लागायचा. म्हणून ते भिंतीकडच्या बाकावर बसले, आणि खुर्चीत डोकं आलं दादाचं.

"जरा जपून गं," दादा म्हणाला. "तू जाशील बेटावर पळून. मला इथे लोकांत वावरायचंय."

"कंगवा आधी, कात्री मागून," बाबा सांगू लागले. "अंगठाच हलू दे, बाकीची बोटं शांत. केस ओढायचे नाहीत, उचलायचे. थांब. आधी भोवरा बघ. केस कुठे वळतात ते कळलं की मग काप."

रोज भिंगाखाली शेवाळ न्याहाळणारीला केसांचा कल दिसायला वेळ लागला नाही. कात्री चालू लागली तशा बाबांच्या सूचना कमी होत गेल्या. मानेवरची रेघ सरळ उतरली. दादाने आरशात डोकं इकडून तिकडून वळवून पाहिलं.

"बाबा, ही माझ्यापेक्षा बरी कापते की हो."

"बरी नाही, चांगली कापते," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "मी उगाच झाडू दिला हिच्या हातात."

हे ऐकायला मी किती वर्षं आसुसले होते, आणि ऐकल्यावर नुसतं वाईट वाटलं. बोट सुटायला आठवडा उरला होता. मी परत येईन तेव्हा बाबांच्या हातात काही धरायची ताकद असेल का, बाबा तरी असतील का, हे त्यांच्या डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. काय शिकायचं ते एवढ्यातच. मग रोज संध्याकाळी शिकवणी सुरू झाली. शेजारी, मावसभाऊ, दादाचे मित्र, जो सापडेल त्याला खुर्चीत बसवलं. बाबा जेवायलाही उठायचे नाहीत. शिकवायची एवढी हौस इतकी वर्षं त्यांनी कुठे दाबून ठेवली होती, देव जाणे.

निघायच्या आदल्या दिवशी मी कात्री पुसत होते. बाबांनी विचारलं, "तिथे सगळ्यांचे तू कापशील. तुझे कोण कापणार?"

"कोणी नाही. वाढतील."

"बस," ते म्हणाले.

दादाने आरशातून माझ्याकडे बघितलं. मी बसले. बाबांनी कापड झटकून माझ्या गळ्याभोवती घेतलं. गाठ काही केल्या बसेना, ती मीच हात मागे नेऊन मारली. त्यांनी डावीकडून सुरुवात केली. कात्रीचं थंड पातं कानाला टेकायचं, सुटायचं. मी श्वास रोखून बसले होते. कानाची भीती नव्हती. मी हलले तर ते थांबतील, ही भीती होती. डावीकडचे केस कानाच्याही वर गेले, एका जागी तर खाचच पडली. उजवीकडे येईपर्यंत त्यांचा हात इतका दमला की कात्री फळीवर ठेवावी लागली. उजवीकडचे खांद्यापर्यंत तसेच राहिले.

"मी करतो सारखे," दादा पुढे झाला.

"हात लावू नकोस," मी म्हटलं. जरा जोरातच.

बाबा आरशात बघत होते. "बिघडलं," ते म्हणाले. "तू परत आलीस की उजवीकडचे उतरवून देतो. तोवर असेच ठेव."

"ठेवते," मी म्हटलं.

केस कोणासाठी थांबत नाहीत आणि वर्षभरात ती खाच कुठल्या कुठे नाहीशी होईल, हे त्या खोलीत बाबांइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. मी कापड सोडलं आणि सवयीने कोपऱ्यातला झाडू उचलला. बाबांनी तो माझ्या हातातून काढून घेतला, आणि वाकून माझे केस झाडू लागले.